तंबूपाशी एक फळा लावा

समुद्रकाठी तंबू लावून पाहुण्यांना मुक्काम देणाऱ्या सर्व मालक मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

मी बेळगावची. अनगोळात राहते आणि खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत दुसरी-तिसरीला शिकवते. तुमच्यापैकी बहुतेकांची आणि माझी ओळख नाही, पण माझ्या गाडीची असेल. केए 22 नंबरची गाडी दारात आली की ‘बेळगावची पार्टी आली’ म्हणून तुम्ही स्वयंपाकघरात दोन सुरमया जास्त काढायला सांगता, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. आम्हीही तुम्हाला आपलंच समजतो. बेळगाव-वेंगुर्ला रस्ता म्हणजे आमच्या लेखी समुद्राचाच रस्ता. हिंडलगा, सुळगा, शिनोळी, पुढं आंबोली. घाट उतरून दाणोली आली की मुलांच्या कानांत दडे बसतात आणि मागच्या सीटवरून ‘समुद्र आला काय?’ सुरू होतं. सगळं मिळून सव्वाशेच्या आसपास किलोमीटर. सकाळी निघालं तर दुपारचं जेवण तुमच्याकडं.

एवढ्या जवळ असून समुद्र आम्हाला कळत नाही, हे आधीच कबूल करते. आम्ही अडीच हजार फुटांवरची माणसं. आमची मलप्रभा कणकुंबीला उगवते, तिथनं अरबी समुद्र काय लांब नाही, पण ती त्याच्याकडं पाठ करून पूर्वेला जाते, कृष्णेला मिळते आणि तिच्याबरोबर पार बंगालच्या उपसागराला पोचते. आमची मुलं पोहायला शिकतात ती विहिरीत, पाठीला डबा बांधून. विहिरीचं पाणी पावसात वाढतं, उन्हाळ्यात तळाला जातं. दिवसातून दोनदा वर चढून ते कुणाच्या अंगणात येत नाही.

समुद्राचं पाणी मात्र आमच्या तंबूच्या दारात आलं. त्याचीच ही गोष्ट, आणि त्यावरून एक मागणी.

2024 साली दत्तजयंती शनिवारी आली, 14 डिसेंबरला. सकाळची शाळा सुटली तशी आम्ही निघालो. मी, नवरा, आमची दोन (थोरली सात वर्षांची, धाकटा साडेतीनचा), दीर-जाऊ, त्यांची दोन, आणि सासूबाई. सासूबाईंचा उपास, म्हणून स्टीलच्या डब्यात सुंठवडा. सिंधुदुर्गातल्या एका किनाऱ्यावर तीन तंबू आधीच ठरवले होते. जागेचं नाव मी लिहिणार नाही. त्या मालकांनी वाचलं तर त्यांना ओळख पटेल, आणि बाकीच्यांनी आपलंच समजून वाचावं.

पाचच्या सुमाराला पोचलो. समोर किनारा असा पसरलेला की आमच्या टिळकवाडीतली दोन मैदानं मावतील. वाळू ओली, घट्ट, सायकल चालवावी अशी. पाणी कुठंतरी लांब चमकत होतं. थोरलीनं पहिली गोष्ट पाहिली ती वाळूवरची रांगोळी. मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्या, हजारोंनी, एकेका बारीक बिळाभोवती फुलासारख्या मांडलेल्या. ‘हे कुणी काढलं?’ मी बाईंच्या रुबाबात सांगितलं, ‘खेकड्यांनी. वाळूतलं अन्न खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात.’ उत्तर बरोबर होतं. पण ही रांगोळी भरतीचं पाणी जिथवर येतं तिथंच असते आणि दर भरतीला पुसून पुन्हा काढली जाते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. शेवटच्या गोळ्या आणि आमच्या तंबूंचे खुंटे यांत फार तर दहा-बारा पावलं होती.

दुसरी खूणही समोर घडली. शेजारी एका म्हाताऱ्या गृहस्थांची होडी होती. सूर्य बुडायच्या बेतात असताना ते आणि त्यांचा मुलगा ती होडी खाली ओंडके घालून वर ओढत होते, पार सुरूच्या झाडांपर्यंत. आमची चारही पोरं धावत जाऊन ढकलायला लागली. ‘हय्या हो’ चाललं होतं. नवऱ्यानं फोटो काढले. अजून आहेत ते फोटो. मागं आमचे तीन तंबू दिसतात, होडीच्या कितीतरी खाली. एवढ्या वर होडी कशाला नेताय, असं आम्हा पाच मोठ्या माणसांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

तंबू तिथं लावायचं कारण सांगितलं होतं ‘व्ह्यू’. झिप उघडली की समोर समुद्र. देखरेखीला एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा होता, कामाला वाघ. चटया घातल्या, मुलांना शहाळी सोलून दिली, चूल पेटवली. बोलता बोलता कळलं की तो हुक्केरीकडचा. म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला! त्याला आमच्याएवढाच समुद्र माहीत. मालक गावात, फोनवर.

साडेनऊला मुलं झोपली. चंद्र असा की बॅटरी लागू नये. चहा घेऊन आम्हीही आडवे झालो. रात्री साडेदहाच्या पुढं सासूबाईंनी हाक मारली. त्यांना बाहेर जायचं होतं. झिप उघडली तर दारात काढलेल्या चपलांपैकी एक जागेवर आणि एक पाण्यावर. हळूहळू गोल फिरत लांब जात होती. त्यांनी मला जे सांगितलं ते शब्द जसेच्या तसे लिहिते: ‘अगं, माझी चप्पल समुद्राला निघाली बघ.’

पुढची पाच मिनिटं मला नीट आठवत नाहीत. पाणी घोट्याएवढंच होतं, पण एक लाट येऊन तंबूच्या कापडावर थप्प आवाज करायची आणि परत जाताना खालची वाळू ओढून न्यायची. खुंटे सैल झाले. जावेच्या तंबूचा एक कोपरा बसला, आत दोन मुलं. दिरानं झिप ओढली तर ती वाळूनं अडकलेली. आपल्याला कापडाची भिंत वाटते, पण मूल आत आणि झिप अडकलेली असली की ती पिशवी असते. तेवढ्यात होडीवाले आजोबा कंदील घेऊन आलेच होते. त्यांनी कमरेच्या सुरीनं झिपशेजारचं कापड सरळ फाडलं, मुलं एकेक करून बाहेर दिली आणि सासूबाईंना म्हणाले, ‘वयनी, पुनवेक हय कोण निजता?’

पौर्णिमेला इथं कोण झोपतं? सासूबाई पुन्हा पुन्हा तेच वाक्य म्हणत होत्या. दत्तजयंती म्हणून दिवसभराचा उपास, सुंठवड्याचा डबा मांडीवर, आणि पौर्णिमा आहे हे घरात सगळ्यात आधी त्यांनाच माहीत होतं.

झालं नुकसान म्हणाल तर दोन गाद्या, एक चार्जर, एक चप्पल आणि तुमच्या धंद्यातल्या एका माणसाचा एक तंबू. धाकटा तर उठलाच नाही, आजोबांच्या खांद्यावरून झोपेतच त्यांच्या पडवीत गेला. सकाळी त्यांच्या घरातून उकड्या तांदळाची पेज आली. मालकांना फोन केला तर म्हणाले, ‘असं कधी होत नाही हो.’ मी भांडले नाही. पण पौर्णिमा दर महिन्याला येते, एवढं म्हणून फोन ठेवला.

खरी शिकवणी त्यानंतर झाली, पडवीत. आजोबा जाळं दुरुस्त करत बसले होते. मी विचारलं, तुम्हाला कळतं कसं? ते म्हणाले, त्यात कळायचं काय, तिथीची पाऊणपट करायची. अमावास्या किंवा पौर्णिमेपासून आज कितवी तिथी ते धरायचं, तिला पाऊणनं गुणायचं, की पूर्ण भरती किती वाजता ते आलं. मी वही काढून गुणाकार करणार, तोवर सासूबाई भिंतीला टेकून सुरू झाल्या: एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. पाऊणकी! त्यांनी जुन्या मराठी शाळेत पाठ केलेली. मी शिक्षिका असून मला येत नाही, कारण आमच्या वेळी पावकी-निमकी अभ्यासक्रमातून गेलेली. एका बाजूनं आजोबा तिथी सांगत होते आणि दुसऱ्या बाजूनं सासूबाई वेळ. चतुर्थी? तीन वाजता. अष्टमी? सहा. एकादशी? सव्वाआठ. पौर्णिमा? ‘पंधरा पाऊण सव्वाअकरा,’ म्हणाल्या आणि गप्प झाल्या. रात्री पाणी सगळ्यात वर होतं तेव्हा नवऱ्याच्या घड्याळात अकरा वाजून गेले होते.

हा हिशोब ढोबळ आहे, मला माहीत आहे. दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि भरतीची वेळ रोज पन्नासएक मिनिटांनी पुढं सरकते. जागा बदलली की वेळ मागंपुढं होते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. म्हणून तर आम्हाला संध्याकाळी तेवढा मोठा किनारा दिसला होता! अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढ-उतार कमी. शिवाय एका दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात, आणि आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात रात्रीची भरती दिवसाच्यापेक्षा चढी असते. त्यामुळं सकाळच्या भरतीची ओली रेघ बघून ‘पाणी इथवरच येतं’ म्हणणारा माणूस डिसेंबरात फसतो. तुमच्याकडं उधाणाचा चढ-उतार दोनेक मीटरचा, मुंबईला तर त्याच्या जवळपास दुप्पट. दोन मीटर म्हणजे माझ्या वर्गाच्या दाराएवढं पाणी. सपाट किनाऱ्यावर ते आडवं किती पसरेल, याचा हिशोब तुम्हीच करा.

या सगळ्याला मोबाइल आहे की, असं कुणी म्हणेल. आहे. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं छापतो, हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था भरतीच्या वेळा आणि उंच लाटांचे इशारे देते. पण चार मुलं, सात पिशव्या आणि एक सासूबाई घेऊन उतरलेली बाई पहिल्यांदा कोष्टक उघडत नाही, मुलांच्या चड्ड्या शोधते. शिवाय जे आहे हेच माहीत नाही, ते माणूस शोधणार कुठं?

म्हणून मागणी एकच. तंबूंच्या वाटेवर, जेवणाच्या जागेशेजारी, एक काळा फळा लावा.

माझ्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात रोज वार, दिनांक, पट, हजर लिहिलेलं असतं. तसंच. वार, तारीख, तिथी. आज पूर्ण भरती सकाळी किती वाजता, रात्री किती वाजता. ओहोटी केव्हा. आज उधाण की भांग. आज पाण्यात कुठं उतरायचं आणि कुठं नाही. आणि अगदी खाली पट-हजर: पाण्यात गेलेली मुलं किती, परत आलेली किती. हसू नका. सहलीला चाळीस मुलं नेताना मी दर अर्ध्या तासाला डोकी मोजते, तरी एकदा एक डोकं आईस्क्रीमच्या गाडीमागं सापडलं होतं.

लिहिणारा मात्र गावातला असू द्या. हुक्केरीच्या पोरानं लिहिलं तरी चालेल, पण सांगणारा समुद्राच्या काठी वाढलेला हवा. रोज सकाळी शेजारच्या होडीवाल्याला विचारून लिहायला दोन मिनिटं लागतात. त्याला चहा पाजा, मानधन द्या, आमच्या बिलात घाला. माणशी दहा रुपये जास्त द्यायला कुणीही आई नाही म्हणणार नाही.

मराठीत लिहाच, पण खाली कन्नडमध्येही लिहा. केए 22 च्या गाडीतनं आम्ही येतो तसे आमच्या शेजारचे कन्नड भाषिकही येतात, आणि लाट काय घराची भाषा विचारून येत नाही. भरती-ओहोटीला कन्नडमध्ये उब्बर-इळित म्हणतात. अक्षरं येत नसतील तर मला कळवा, मोठ्या कागदावर लिहून पाठवते. तो हुक्केरीचा पोरगा तर एका दमात लिहील.

आता ‘कुठं उतरायचं नाही’ याबद्दल. इथं मला जरा थांबावं लागतं. 15 एप्रिल 2017. मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे आठ जण बुडाले. बेळगावात ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. त्यानंतर कितीतरी घरांतून समुद्र हा शब्दच बंद झाला होता. आमच्याही. थोरली पाच वर्षांची होईपर्यंत तिला पाण्याजवळ नेलं नव्हतं, आणि न्यावं असं ठरवलं तेव्हाही माझ्या आईनं आठ दिवस अबोला धरला होता.

समुद्राला ओढ असते हे आम्हाला ऐकून माहीत. पण ती दिसते कशी हे कुणी दाखवलेलं नाही. पडवीतल्या आजोबांनी काठी रोखून दाखवली. लाटा ओळीनं फुटत होत्या, पांढरा फेस, आणि मधेच एक पट्टा असा की तिथं लाट फुटतच नव्हती. पाणी गडद, गप्प. धाकट्याला पाय बुडवायला मी नेमकी तीच जागा निवडली होती, लाटा नाहीत म्हणून! आजोबा म्हणाले, किनाऱ्याला आलेलं पाणी माघारी जातं ते तिथनं. आपल्याकडं म्हण आहेच, उथळ पाण्याला खळखळाट फार. लाट फुटते म्हणजे खाली वाळूचा उंचवटा आहे. फुटत नाही म्हणजे तिथं खोल आहे, आणि ओढ बहुतेक त्याच खोलगटातनं बाहेर जाते. म्हण तोंडपाठ, निबंधात दरवर्षी मुलांकडून लिहून घेते, आणि किनाऱ्यावर उभी राहून उलटं वागले.

त्या ओढीत कुणी सापडलाच तर किनाऱ्याकडं तोंड करून झगडायचं नसतं, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं, ओढ सुटली की मग आत यायचं. ती पट्टी अरुंद असते. हे दोन ओळींत फळ्यावर बसतं. पण त्याहून चांगलं म्हणजे रोज सकाळी ती जागा हेरून वाळूत दोन बांबू रोवा आणि लाल कापड बांधा. वाळू सरकते तशी जागाही सरकते, म्हणून कायमची सिमेंटची पाटी त्या कामाची नाही. गोव्यातल्या बऱ्याच किनाऱ्यांवर जीवरक्षक लाल आणि लाल-पिवळी निशाणं लावतात, ती आमच्या मुलांनाही कळली: लाल म्हणजे उतरू नका, लाल-पिवळ्यांच्या मधे उतरा. तुमच्या किनाऱ्यावर जीवरक्षक नसेल तर निदान निशाण तरी असावं.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत, भराभर लिहिते.

तंबू सुकलेल्या रेघेच्या वर लावा. प्रत्येक किनाऱ्यावर शिंपले, सोडणं, काटक्या आणि आता बाटल्यांची झाकणं यांची एक जुनी रेघ असते. ती मोठ्या उधाणानं आखून दिलेली असते. व्ह्यू दहा मीटर मागूनही तोच दिसतो. पण वर सरकवताना माडाखाली नको. नारळाला डोळे असतात, तो कुणाच्या डोक्यात पडत नाही, असं तुम्ही म्हणता. झावळीला कुठं असतात? सुरूच्या सावलीत लावा. सकाळी आठला ऊन थेट तंबूवर आलं की आत भाकरी भाजेल, आणि लहान मूल घामानं निथळूनही झोपलेलंच राहतं, हे त्यातलं वाईट.

संडासच्या वाटेवर रात्रभर दिवा पाहिजे. एवढासा, जमिनीकडं तोंड केलेला. समुद्राकडं तोंड केलेले ते मोठे हॅलोजन मात्र काढा. फेब्रुवारी ते मे कासवांची पिल्लं निघतात, उजेड बघून ती उलट्या दिशेनं चालतात. वेंगुर्ल्याच्या वायंगणीला लोक त्यांच्यासाठी किती जपतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पिण्याचं पाणी मचूळ असेल तर तसं सरळ सांगा, आम्ही कॅन आणू. मुलांच्या दुधाची पावडर मचूळ पाण्यात कालवल्यावर काय होतं ते रात्री दोन वाजता कळतं.

एका तरी कामगाराला प्रथमोपचार येऊ द्या. जेलीफिश लागली तर गोड्या पाण्यानं धुवायचं नाही, वाळूनं घासायचं नाही, समुद्राच्याच पाण्यानं धुवून डॉक्टरकडं न्यायचं, एवढं जरी आलं तरी पुरे. जवळच्या सरकारी दवाखान्याचा नंबर त्याच फळ्यावर लिहा. पाकटाचंही, म्हणजे शेपटीला काटा असलेल्या चपट्या माशाचंही सांगा. पाय वाळूत घासत चालायचं म्हणजे तो आधीच पळतो, ही युक्ती आमच्या पोरांना इतकी आवडली की ती आता अनगोळातही पाय घासत चालतात आणि चपला झिजवतात.

आणि तो डीजे. दहा वाजता बंद करा, कारण भरतीचा आवाज त्यात ऐकू येत नाही. आमच्या रात्री शेजारच्या तंबूत गाणी चालू असती तर सासूबाईंची हाक मला ऐकू आली नसती.

एवढं लिहिल्यावर तुम्ही म्हणाल, बाई, तुमची माणसं काय करतात ते पण सांगा की. सांगते. आमच्याकडचे काही वीर जीप थेट ओल्या वाळूत घालतात आणि मग ट्रॅक्टर बोलवा म्हणून तुमच्याच नावानं ओरडतात. बाटल्या वाळूत पुरून जातात, त्यांच्या काचा नंतर कुणाच्या पायात जातात ते बघायला कुणी थांबत नाही. ‘पाण्यात जाऊ नका’ म्हणणाऱ्याला ‘आम्हाला पोहायला येतं’ असं छाती काढून सांगतात. विहिरीतलं पोहणं! तुमच्यातल्या एकानं मला सांगितलं की बोर्ड लावला तरी वाचतं कोण. खरं आहे, रंगवलेली पाटी दुसऱ्या दिवशी भिंतीचा भाग होते. म्हणून फळा म्हणते आहे. खडूनं लिहिलेली आजची तारीख दिसली की माणूस वाचतो, कारण ती कुणीतरी आज लिहिलेली असते. माझी दुसरीची मुलंसुद्धा वर्गात शिरताना पहिल्यांदा कालची तारीख राहिली काय ते बघतात, आणि राहिली असली तर मला सोडत नाहीत.

आमची पोरं पुन्हा ‘तंबूत जायचं’ म्हणून मागं लागलीत. जाऊबाई नको म्हणाल्या, नवरा म्हणाला हॉटेलात राहू, आणि सासूबाई म्हणाल्या, ‘अष्टमी बघून जाऊया की.’ घरात आता तारखा अशा ठरतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर थोरलीनं प्रत्येक चौकोनात तिथीखाली पेन्सिलीनं वेळ लिहून ठेवली आहे. पाऊणकी तिची पंधरापर्यंत पाठ झाली. बेळगावात समुद्र नाही आणि आमच्या भिंतीवर भरतीची वेळ आहे, हे बघून परवा दूधवाला हसला.

तर, ज्यांच्याकडं फळा असेल त्यांनी कळवावं, आम्ही अष्टमीच्या आसपास येऊ, पाच मोठे आणि चार लहान. बिन धुळीच्या खडूचे दोन डबे मी घेऊन येईन. तुमच्या दमट हवेत खडू नरम पडतो, तेव्हा ठेवायला झाकणाची बरणी तेवढी काढून ठेवा.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
अनगोळ, बेळगाव

ता. क. सासूबाईंची चप्पल डाव्या पायाची आहे, तपकिरी, अंगठ्याजवळ चांभारानं शिवलेली. उजवी त्यांनी अजून टाकलेली नाही. कुणाच्या किनाऱ्याला लागली असेल तर ठेवून द्यावी.